मूळ विचारणारीचा मंगळवार

पहाटे ५:३०

हिवाळ्यात स्टॉकहोम, ॲमस्टरडॅम आणि बर्न आपल्या साडेचार तास मागे असतात. तिकडची माणसं जेवणं आटोपून, मुलांना झोपवून मग लिहायला बसतात, आणि ती पत्रं माझ्या पहिल्या चहाच्या वेळी येऊन पडलेली असतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुण्या-मुंबईच्या संस्थांमधून परदेशी दत्तक गेलेली ही मुलं आता चाळिशी-पन्नाशीची आहेत. कोणी नर्स, कोणी सुतार, कोणी मास्तर. जन्मदाती कोण, गाव कुठलं, सोडलं का, एवढंच त्यांना विचारायचं असतं. सरकारी नियमावलीत या शोधाला ‘रूट सर्च’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. मी पुण्यात राहून हे काम करते.

आज हॉलंडच्या एका गृहस्थांनी डीएनए चाचणीचा निकाल पाठवलाय. हा हिशोब सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात. आई आणि मूल यांच्यात साधारण ३,४०० जुळतात, चुलत-मावस भावंडांत साडेआठशेच्या आसपास. यांना एकाशी जुळलेत ९२. युरोपातल्या तक्त्याप्रमाणे हे खापरपणजोबा एक असण्याइतकं नातं झालं. पण आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं आणि सोयरीक पोटजातीबाहेर जात नाही. तेच रक्त फिरून फिरून एकत्र येतं, आकडा फुगतो आणि नातं दिसतं त्याहून लांबचं निघतं. त्यांना तसं स्पष्ट लिहिलं.

जुळलेला माणूस न्यू जर्सीतला मराठी तरुण आहे. चाचणी त्यानं गंमत म्हणून केली होती. आपल्या गावाकडं ही चाचणी कोण करतंय? त्यामुळं धागा लागतो तो बहुधा अमेरिकेत गेलेल्यांचाच. त्याचंही उत्तर आलंय: आमच्या घराण्यात असलं काही झालेलं नाही. हे वाक्य मला सगळ्याच घराण्यांकडून येतं. त्याच्यावर वाद घालायचा नसतो. मी त्याला दोन्ही आजोबांची आणि दोन्ही आज्यांच्या माहेरची आडनावं आणि गावं विचारली, बाकी काही नाही. मराठी माणूस घराण्याच्या अब्रूबद्दल बोलणार नाही, पण आजोळच्या गावाबद्दल दोन पानं लिहील.

सकाळी ८:३०

डेक्कनवरच्या उडुपी हॉटेलात स्वीडनची बाई वाट बघत बसली आहे. जन्म १९७९चा, पुढच्या वर्षी पासपोर्ट करून तिकडे. गोथेनबर्गच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागात नर्स आहे. चेहरा आपल्याकडचा, त्यामुळं वेटर तिच्याशी मराठीत बोलतो आणि तिला समजलं नाही की माझ्याकडे तक्रारीच्या नजरेनं बघतो.

संस्थेत जायच्या आधी मी प्रत्येकाशी हे बोलून घेते. पहिलं, मी कामाचे पैसे घेते, आई सापडल्याचे घेत नाही. सापडल्याचा भाव ठरला की सापडवणारे तयार होतात. श्रीलंकेत दत्तकाच्या वेळी कोर्टापुढे भाड्याच्या आया उभ्या केल्याचं आता जगजाहीर आहे. म्हणून डीएनए जुळल्याशिवाय मी कोणालाही कोणाची आई म्हणत नाही. दुसरं, कागदावरची माहिती खोटी असू शकते. तिसरं, ती भेटायला नाही म्हणू शकते, आणि मग तिथं थांबायचं.

ती मान हलवते. तिच्या देशात हा विषय सध्या घराघरात आहे. पन्नासच्या दशकापासून स्वीडननं परदेशातून सुमारे ६०,००० मुलं दत्तक घेतली. तिथल्या सरकारनं नेमलेल्या आयोगानं जून २०२५मध्ये अहवाल दिला. वर्षानुवर्षं गैरप्रकार झाले असं त्यात म्हटलं आणि परदेशातून दत्तक घेणं टप्प्याटप्प्यानं बंद करावं अशी शिफारस केली. तिनं बातम्या पाहिल्या आणि आईनं, म्हणजे स्वीडिश आईनं, स्वतःच तिकीट काढून दिलं. ‘‘माझे आईबाप चांगले आहेत,’’ ती म्हणाली, ‘‘पण आपल्याला फसवलं तर नाही ना, हे त्यांनाही कळायला हवंय.’’

सकाळी १०:३०

संस्थेच्या कार्यालयात तिचा पासपोर्ट, दत्तकाचा हुकूम आणि अर्ज पुढ्यात ठेवला. अर्ज दिल्लीच्या ‘कारा’कडून, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडून, फिरून इथं आलेला आहे. नियम असा की अठरा वर्षांवरची दत्तक व्यक्ती स्वतः आपल्या मुळाची माहिती मागू शकते. त्रयस्थाला ती द्यायची नाही, आणि माहिती देताना जन्मदात्यांच्या खासगीपणाला धक्का लागू द्यायचा नाही. मी मुखत्यारपत्र घेऊन फिरते, पण ते सगळीकडे चालतंच असं नाही. म्हणून माणसाला इथवर यायला सांगते आणि मी दुभाषी म्हणून शेजारी बसते.

कपाटातून आधी दाखल रजिस्टर निघालं. जाड पुठ्ठ्याचं, कापडी कण्याचं, लाल-निळ्या रेघांचं. अनुक्रम, तारीख, कोणी आणलं, वय, वजन, शेरा. तिच्या ओळीत शाई दोन प्रकारची आहे: दाखल झाल्याची नोंद निळी, ‘परदेश’ हा शेवटचा शेरा काळा. मग फाइल. आईचं नाव आणि पत्ता जिथं जिथं आहे तिथं कार्यकर्तीनं पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या लावून ठेवल्या आहेत. सरेंडर डीडवर, म्हणजे मूल सोडल्याच्या कागदावर, अंगठ्याचा ठसा, खाली दोन साक्षीदार आणि एका खासगी प्रसूतिगृहाचं नाव. आईबद्दल एवढंच: अविवाहित, वय १९, घरची परिस्थिती बेताची.

माझं लक्ष डीडवर होतं, तिचं वजनाच्या तक्त्यावर. हा तक्ता सहसा कोणी बघत नाही. तिनं चष्मा लावला आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. जन्माचं वजन १.९ किलो. रोजच्या पाजण्याच्या रकान्यात पहिले अकरा दिवस ‘आ. दू.’ असं लिहिलेलं, बाराव्या दिवसापासून ‘पावडर’. तिनं ‘आ. दू.’ म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, आईचं दूध.

तिनं तक्ता परत वरून खाली पाहिला. मग मला कामाच्या आवाजात समजावून सांगू लागली: एवढं लहान बाळ पहिल्या दिवशी नीट ओढू शकत नाही. दर दोन तासांनी कोणीतरी बसावं लागतं, दूध पिळून चमच्यानं पाजावं लागतं. वजन आधी उतरलं आणि सातव्या दिवसापासून चढलं, म्हणजे हे नीट केलं गेलं. ‘‘अकरा दिवस तिनं हे केलं,’’ ती म्हणाली. ‘‘मी रोज आयांना हे शिकवते. सोपं नसतं.’’ आईचं नाव पट्टीखालीच राहिलं. पण बेताच्या परिस्थितीच्या त्या छापील ओळीपेक्षा हा तक्ता जास्त बोलला.

विश्वस्त भले गृहस्थ आहेत. निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, ‘‘नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, मॅडम.’’ हे मी ऐकत आले आहे. मी त्यांना याच पुण्यातली गोष्ट सांगते. जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली इथं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथं येऊन बाळंत व्हावं, मूल ठेवायचं की न्यायचं ते त्यांनी ठरवावं. तिथंच काशीबाई नावाच्या विधवेला झालेला मुलगा त्या दोघांनी दत्तक घेतला. तो यशवंत. पुढं डॉक्टर झाला, प्लेगच्या साथीत सावित्रीबाईंबरोबर रोग्यांची सेवा केली. त्याला जन्म देणाऱ्या काशीबाईचं नाव महाराष्ट्राला आजही ठाऊक आहे आणि त्यानं फुल्यांचं आईबापपण तसूभरही कमी झालेलं नाही. विश्वस्त हसले. फाइलींचं स्कॅनिंग सुरू करायचा विचार आहे म्हणाले. विचार लवकर पक्का करा, म्हटलं, वाळवी थांबत नाही.

सकाळी ११:४५

डीडवरच्या प्रसूतिगृहाचा शोध रिक्षात बसल्या बसल्या फोनवर लागला. डॉक्टरीणबाई वारल्या, बंगल्याच्या जागी इमारत आली, मुलगा बाणेरला असतो. फार सौजन्यानं बोलला. आईची रजिस्टरं पोटमाळ्यावर होती, घर पाडायच्या वेळी रद्दीवाल्याला दिली. त्याला दोष देता येत नाही. डॉक्टरांनी रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं ठेवावीत एवढाच २००२चा नियम आहे, आणि ही रजिस्टरं तर त्याच्याही आधीची. पण बाळंतिणीचं नाव, गाव, सोबत कोण आलं होतं, किती दिवस राहिली, हे सगळं त्यातच असतं. स्वीडनच्या बाईला हे सांगायचं काम माझ्याकडे. तिनं फक्त विचारलं, रद्दीचं काय करतात? मी म्हटलं, लगदा.

दुपारी १२:४५

शिवाजीनगरचं जिल्हा न्यायालय. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यानं मूल फक्त हिंदूंना घेता येतं. परदेशी जोडपी त्यात बसत नव्हती, म्हणून १८९०च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली ती मुलाचं पालकत्व कोर्टातून मागून घेत आणि दत्तकविधान आपल्या देशात जाऊन करत. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी या व्यवहारातल्या गैरप्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. तीच याचिका धरून न्या. भगवतींनी १९८४ साली परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले. स्वीडनच्या बाईचा हुकूम त्याच्या आधीचा, म्हणजे नियमच नव्हते तेव्हाचा. आता हुकूम जिल्हाधिकारी देतात, पण जुनी मुलं सगळी कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये बांधलेली आहेत.

तिला इथं सही करण्यापुरतं काम होतं. नकलेचा अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, सोबत ओळखपत्र. कारकुनानं वर्ष ऐकून एकदा छताकडे पाहिलं. गठ्ठा सापडला तर कळवू म्हणाले. सापडतोही. कोर्टाच्या कागदात अनेकदा ते असतं जे संस्थेच्या फाइलीत नसतं: आईचं प्रतिज्ञापत्र, डॉक्टरचा दाखला, कधी मामाची सही. तिला हॉटेलवर जाऊन झोपायला सांगितलं. झोपणार नाही हे मला माहीत आहे.

दुपारी १:३०

कोर्टाखालून मेट्रोनं स्वारगेट, तिथून सासवडची लाल गाडी, अर्ध्या तिकिटात. चारचाकी मी मुद्दाम नेत नाही. अनोळखी गाडी दारात थांबली की गल्ली गोळा होते आणि पुढची दहा वर्षं चर्चा पुरते. एसटीतून उतरलेल्या पन्नाशीच्या बाईकडे कोणी वळून बघत नाही. डबा दिवे घाटाच्या आधी संपवला, घाटात डुलकी.

दुपारचं काम स्वित्झर्लंडच्या एका गृहस्थांचं आहे. जन्म १९८१. ते स्वतः इथं नाहीत, पण त्यांच्या तिकडच्या कागदांत कोर्टाच्या हुकुमाची आणि सरेंडर डीडची प्रत निघाली आणि तीत आईचं माहेरचं नाव आणि गाव उघड होतं. पुढचा शोध सरकारी दप्तरांतून, म्हणजे कोणालाही बघता येतील अशा नोंदींतून केला.

दुपारी ३:००

तहसील कचेरीत जुनं दप्तर मागितलं की आता एकच प्रश्न येतो: ‘‘कुणबी नोंद का?’’ २०२३पासून मराठा आरक्षणापायी गाव नमुना १४, कोतवाल बुकं, शाळेची जनरल रजिस्टरं, सगळं धुंडाळलं गेलंय. मोडी वाचणाऱ्यांना सुगीचे दिवस आले. माझाही फायदा झाला. जे गठ्ठे वर्षानुवर्षं कोणी हलवले नव्हते त्यांच्यावरची धूळ गेली.

आपल्याकडे बाई शोधणं पुरुष शोधण्याहून कितीतरी अवघड असतं. लग्नात तिचं आडनाव बदलतं, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं आणि पुष्कळ घरांत तांदळात अंगठीनं लिहून पहिलं नावसुद्धा बदलतात. एकोणिसाव्या वर्षी कागदावर असलेली मुलगी पंचविसाव्या वर्षी त्या नावानं कुठंच नसते. मतदार यादीत नाही, रेशन कार्डावर नाही. म्हणून मी बाई शोधत नाही, तिचा भाऊ शोधते. भाऊ हलत नाही. त्याचं नाव सातबाऱ्यावर असतं.

बाप गेला की वारस नोंद होते आणि तीत मुलींची नावंही येतात. मग बहिणी भावाच्या नावे हक्कसोड करतात, न करणारी माझ्या पाहण्यात कमीच. त्याचा फेरफार पडतो. आज हातात आलेली नक्कल १९९८ची आहे. त्यात भावाच्या नावापुढे तीन बहिणी, प्रत्येकीच्या नावापुढे ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार अमुक, ‘रा.’ म्हणजे राहणार अमुक गाव, आणि कंसात माहेरचं नाव. मधली आमची. सतरा वर्षांच्या अंतरानं तिनं दोन कागद करून दिले. एकात मूल सोडलं, दुसऱ्यात जमीन. दोन्हींवर अंगठा, आणि दोन्हींवर साक्षीला तोच भाऊ.

संध्याकाळी ५:१५

वडापनं तिच्या सासरच्या गावात उतरले. गावाचं नाव कुठंच लिहीत नाही, अहवालातसुद्धा नाही. संक्रांत ते रथसप्तमी हे दिवस माझ्या कामाला बरे. काठपदराची साडी, पिशवीत तिळगुळाची डबी. अशी बाई गावात दिसली की कोणाकडे तरी हळदीकुंकवाला आली असेल म्हणून सोडून देतात. सर्व्हेला आले, अमुक योजनेचं आहे, असं खोटं मी सांगत नाही. आणि घरात शिरत नाही. घरात सुना असतात, टीव्हीपुढे नातवंडं असतात, तिथं हा विषय काढणं म्हणजे तिला सगळ्यांसमोर उभं करणं. आधी चौकशी केली होती: रोज सायंकाळी ती स्वतः डेअरीवर दूध घालायला जाते. दहा मिनिटांची वाट, दोन्हीकडे उभा ऊस.

किटली घेऊन ती आली. पासष्टीकडे झुकलेली, चाल ताठ. मी शेजारून चालू लागले. ‘‘मावशी, मी पुण्याहून आले. एक्क्याऐंशीच्या पावसाळ्यात तुम्ही पुण्यात होता, त्याबद्दल दोन शब्द बोलायचे होते. नको म्हणालात तर इथूनच मागं फिरते.’’

तिनं चाल बदलली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘‘कुणी सांगितलं तुमास्नी?’’

‘‘कागदावर होतं.’’

‘‘कागदावर?’’ आता ती थांबली. ‘‘नाव कुठं लागणार न्हाई म्हनल्या व्हत्या त्या बाई. दादानं दोनदा इचारून घेतलं व्हतं. मग कागदावर कसं आलं?’’

या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. तिच्याइतकं रागावलेलं माणूस मी आज दिवसभरात पाहिलं नव्हतं, आणि राग मुलावर नव्हता, माझ्यावरही फारसा नव्हता. ज्या कागदामुळं मुलाला आईचा माग लागतो, तोच कागद तिला दिलेला शब्द मोडल्याचा पुरावा असतो. ही गोष्ट युरोपातल्या एकाही अहवालात मी सलग दोन परिच्छेद लिहिलेली वाचली नाही.

पुढं चालता चालता तिनं विचारलं, ‘‘बरा हाय का?’’ बरा आहे म्हटलं. सुतारकाम करतो, दोन मुली आहेत. ‘‘मग झालं.’’ त्याला भेटायची इच्छा आहे, हे मी एकदाच सांगितलं. ‘‘नगं. मालकाला ठाव न्हाई. सुना हायत, नातवंडं हायत. आता ह्या वयात नगं.’’ मी बरं म्हटलं.

डेअरीवर चारचौघं होती. तिनं किटली मापात ओतली, पोरानं फॅट लावली, चिठ्ठी फाडून दिली. तिनं चिठ्ठी वाचली आणि फॅट कमी का लागली म्हणून पोराला झापलं. तिच्या आवाजात काडीचाही फरक नव्हता. परतीच्या वाटेवर गाव दिसायच्या आत ती थांबली आणि हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘आमच्यात साखर हाय. माझ्या आईला व्हती, दादाला हाय, मला हाय. त्याला म्हनावं तपासून घे. पोरींचीबी.’’ मी नंबर देऊ का विचारलं. नको म्हणाली. तिळगूळ मात्र घेतला, जागच्या जागी खाल्ला आणि डबी परत दिली.

रात्री ९:३०

स्वित्झर्लंडमध्ये संध्याकाळचे पाच. गृहस्थ कामावरून घरी आले होते. सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, तिच्या शब्दांत. गाव सोडून.

त्यांना राग आला, आणि तो येणारच. १९७९ ते २००२ या काळात त्यांच्या देशात भारतातून दोन हजारांहून अधिक मुलं दत्तक गेली. झ्युरिक आणि थुरगाऊ या दोन कॅन्टननी, म्हणजे प्रांतांनी, त्यातल्या फाइली इतिहासकारांकडून तपासून घेतल्या, तेव्हा मुलांच्या कागदांत आयांच्या संमतीचा पत्ता नव्हता. जानेवारी २०२५मध्ये तिथल्या सरकारनं परदेशी दत्तक बंद करायचा इरादा जाहीर केला. ‘‘सगळे माझ्या हक्काबद्दल बोलतायत,’’ ते म्हणाले. ‘‘तिचं गाव जाणून घेणं हाही माझा हक्क आहे. मी स्वतः आलो तर?’’

येऊ शकता, म्हटलं. फेरफार कोणीही वाचू शकतो. तुम्ही गाडी करून जाल, दार वाजवाल, ती नाही म्हणेल आणि तुम्ही विमानात बसाल. त्यानंतर त्या घरात ती राहणार आहे, तुम्ही नाही. कागदावर हक्क तुमचा आहे, आणि तो मिळवून द्यायला मी कोणत्याही कार्यालयात भांडेन. दारावर हक्क तिचा आहे. ते आतून उघडावं लागतं. मी ते बाहेरून उघडून देण्याचं काम करत नाही.

बराच वेळ ते जर्मनमध्ये बायकोशी काहीतरी बोलत राहिले. मग परत येऊन विचारलं, साखर म्हणजे कोणत्या वयात सुरू झाली ते कळलं का? कळलं नव्हतं. उद्या रक्त तपासायला जातो म्हणाले. फोटो पाठवू का, असंही विचारलं. पाठवा, माझ्या फाइलीत राहील. तिनं कधी स्वतः विचारलं तर दाखवता येईल.

रात्री १०:४५

दिवसाची नोंद लिहिली. हॉलंड: आजोळच्या गावांची वाट. स्वीडन: नकलेचा अर्ज दाखल, प्रसूतिगृहाची रजिस्टरं नष्ट, वजनाच्या तक्त्याची मागणी लेखी करायची. स्वित्झर्लंड: कागदाप्रमाणे आई हयात, डीएनए नाही, भेटीस नकार, मधुमेह आजीपासून. शेवटच्या ओळीपुढं ‘बंद’ असा शेरा मी मारत नाही.

वाचणाऱ्यांपैकी कोणाची आई, सासू, मावशी जुन्या काळी सुईण, नर्स, मेट्रन किंवा प्रसूतिगृहाची डॉक्टर असेल. पोटमाळ्यावर, ट्रंकेत, दवाखान्याच्या बंद खोलीत त्यांची रजिस्टरं, डायऱ्या, पावतीपुस्तकं पडलेली असतील. घर पाडायला निघालात, खोली रंगवायला काढलीत, तर ती रद्दीत घालू नका, आणि त्यांचे फोटो काढून कुठं टाकूही नका. त्यांत नावं आहेत, आणि त्यातल्या काही नावांना शब्द दिलेला आहे. गठ्ठा कापडात बांधून तुमच्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात किंवा ती मुलं जिथं दाखल झाली त्या संस्थेत नेऊन द्या आणि पोच घ्या.